हातमोजे होते, तरी हात सोलले: सुरक्षा साधनांविषयी वाचकांचे प्रश्न

कामगारांच्या सुरक्षा साधनांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच पत्रांची तक्रार एकच आहे: वस्तू दिली होती, कामगाराने ती वापरलीही होती, तरी इजा झाली. म्हणून उत्तरांमध्ये वस्तूच्या नावापेक्षा तिच्यावर छापलेल्या खुणा कशा वाचायच्या, यावर भर दिला आहे.

प्रश्न: आमच्याकडे यंत्राचे सुटे भाग ॲसिटोन आणि थिनरने पुसून काढतात. त्यासाठी नायट्राइलचे चांगले जाड हातमोजे दिले आहेत. मोजे कुठे फाटलेले नाहीत, तरी दोघांचे हात पांढरे पडून सोलले. मोजे बनावट होते का?

बहुधा नाही. मोजे खरे होते, पण या कामाचे नव्हते. तेल, ग्रीस, डिझेल यांच्यापुढे नायट्राइल हे कृत्रिम रबर उत्तम टिकते. ॲसिटोनपुढे टिकत नाही. पातळ, एकदाच वापरायच्या नायट्राइल मोज्यातून ॲसिटोन मिनिटभरातच आरपार जातो, आणि जाड मोजाही काही मिनिटांपलीकडे थोपवत नाही.

द्रव मोज्याच्या आत तीन वाटांनी शिरतो. पहिली वाट छिद्राची किंवा शिवणीची. ती डोळ्यांना दिसते. दुसरीत रबर फुगते, मऊ पडते किंवा कडक होऊन तडकते. तेही हाताला कळते. तिसरी वाट फसवी आहे. द्रवाचे रेणू रबरात मुरतात आणि पलीकडच्या बाजूने बाहेर पडतात, पण मोजा मात्र कोरा करकरीत दिसतो. उघड्या हातावर पडलेला ॲसिटोन क्षणात उडून जातो. मोज्याच्या आत पोहोचलेल्याला उडायला वाव नसतो. तो घामात मिसळून कातडीवरचे नैसर्गिक तेल धुऊन काढत राहतो. चुकीचा मोजा घालण्यापेक्षा उघडा हात बरा, असे म्हणायची वेळ येते ती यामुळेच.

रसायनांसाठीच्या मोज्यावर शंकूच्या आकाराच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीचे चित्र असते आणि त्याखाली अक्षरे असतात. ही आयएसओ ३७४ या मानकाची खूण. ‘टाइप ए’ म्हणजे ठरलेल्या १८ रसायनांपैकी किमान ६ रसायने मोज्याने प्रत्येकी किमान ३० मिनिटे थोपवली. ‘टाइप बी’ म्हणजे किमान ३ रसायने ३० मिनिटे, आणि ‘टाइप सी’ म्हणजे किमान एक रसायन १० मिनिटे. कोणती रसायने, ते खालची अक्षरे सांगतात: बी म्हणजे ॲसिटोन, एफ म्हणजे टोल्युइन, जे म्हणजे हेप्टेन, के म्हणजे ४० टक्के कॉस्टिक सोडा, एल म्हणजे ९६ टक्के सल्फ्युरिक ॲसिड. गल्लत इथेच होते. ‘टाइप बी’ हा दर्जा आहे, आणि चित्राखालचे ‘बी’ हे अक्षर ॲसिटोनचे आहे. नुसते ‘टाइप ए’ वाचून खरेदी केलीत आणि खाली जे, के, एल, ओ, पी, टी एवढीच अक्षरे असली, तर कॉस्टिकपासून हात वाचतील, ॲसिटोनपासून नाही.

निव्वळ ॲसिटोनसाठी ब्युटाइल रबराचे मोजे घ्यावेत. ते तासन्‌तास टिकतात. पण थिनर हे मिश्रण असते आणि त्यात बहुतेक वेळा टोल्युइन किंवा तत्सम द्रावक असतो. त्यापुढे ब्युटाइल लवकर हार मानते. अशा मिश्रणाला अनेक पातळ थरांचे, लॅमिनेट फिल्मचे मोजे लागतात. ते पिशवीसारखे सैल बसतात आणि बोटांना पकड राहत नाही. त्यामुळे ते आत घालून वरून घट्ट बसणारा नायट्राइलचा मोजा चढवतात. थिनरच्या डब्यासोबत मिळणारे सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. त्यातले घटक आणि मोज्याच्या कंपनीचा तक्ता समोरासमोर ठेवूनच ऑर्डर द्या.

तक्त्यातला वेळ प्रयोगशाळेतला असतो, सुमारे २३ अंशांवरचा. हात गरम असतो आणि बोटे वाकताना रबर ताणले जाते, म्हणून प्रत्यक्षात वेळ कमीच मिळतो. मोजा पहिल्यांदा भिजला की घड्याळ सुरू झाले असे समजा. वरून पुसून खुंटीला टांगला तरी आत मुरलेला द्रव पुढे सरकतच राहतो. काल दहा मिनिटे वापरलेला मोजा आज सकाळी आतून ओला असतो, तो असा.

हे किती टोकाला जाऊ शकते, याचे उदाहरण रसायनशास्त्राच्या जगाला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या मोज्यावर १९९६ च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब सांडले. जून १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्या गेल्या. नंतरच्या चाचणीत दिसले की ते द्रव्य तसल्या मोज्यातून १५ सेकंदांच्या आत पार होते. ॲसिटोन इतका जहाल नाही, पण आरपार जाण्याची रीत तीच.

प्रश्न: पत्र्याच्या कामासाठी ‘कट रेझिस्टंट’ मोजे घेतले. त्यावर ४ एक्स ४ ३ डी असे छापले आहे. याचा अर्थ काय? आणि हेच मोजे ड्रिलवर चालतील का?

हातोड्याच्या चित्राखालचा हा संकेत ईएन ३८८ या युरोपीय मानकाचा आहे. अंक क्रमाने घासणे, कापणे, फाटणे आणि भोसकणे यांचे आहेत. कापण्याचा अंक ५ पर्यंत जातो, बाकीचे ४ पर्यंत. एक्स म्हणजे ती चाचणी केलेली नाही. तुमच्या मोज्यात कापण्याच्या जागी एक्स दिसतो म्हणून घाबरू नका. जुनी चाचणी फिरत्या गोल पात्याची होती. काच किंवा पोलादाचे तंतू असलेल्या मोज्यावर ते पातेच बोथट व्हायचे आणि निकाल भलताच चांगला यायचा. २०१६ च्या सुधारणेत त्यासाठी सरळ पात्याची चाचणी आली. शेवटचे अक्षर तिचे, ए ते एफ. ए म्हणजे २ न्यूटन, डी म्हणजे १५, एफ म्हणजे ३० न्यूटनचा भार सोसला. धारदार पत्र्याच्या रोजच्या कामाला डी साधारणपणे पुरते. पत्रा तेलकट असेल तर तळव्यावर पीयूऐवजी (पॉलियुरेथेनऐवजी) खरखरीत नायट्राइलचा लेप असलेला घ्या, नाहीतर पत्रा निसटून मनगटावर यायचा. भोसकण्याच्या अंकावर मात्र फार विसंबू नका. ती चाचणी खिळ्याएवढ्या जाड टोकाने होते. इंजेक्शनची सुई किंवा तारेचा बारीक काटा त्यातून सहज जातो.

ड्रिल, लेथ, मिलिंग यांच्या फिरत्या भागाजवळ कोणताच मोजा चालत नाही. मोजा जितका मजबूत तितका धोका मोठा, कारण तो फाटत नाही आणि बोटांसकट गुंडाळला जातो. कीस काढायला ब्रश किंवा आकडा द्या, तोही यंत्र बंद करून.

प्रश्न: एन९५ मास्क आम्ही ग्राइंडिंगला आणि पेंटिंगला, दोन्हीकडे देतो. पेंटर म्हणतात वास येतोच. चांगल्या प्रतीचा एन९५ कोणता?

मास्कच्या प्रतीचा इथे प्रश्न नाही. एन९५ हा कणांचा गाळणा आहे. सुमारे ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे अडवायला सर्वांत अवघड असलेले कण तो किमान ९५ टक्के अडवतो. युरोपीय खुणांत एफएफपी२ किमान ९४ टक्के आणि एफएफपी३ किमान ९९ टक्के. वाफ म्हणजे कण नव्हे. ती कापडातून हवेसारखीच जाते, म्हणून वास येतो. शिवाय ‘एन’ म्हणजे तेलकट फवारा नसलेल्या जागेसाठी. तेलाचे तुषार असतील तर ‘आर’ किंवा ‘पी’ मालिका लागते.

पेंटिंगला रबराचा अर्धमुखी मास्क आणि त्यावर कार्ट्रिज, म्हणजे वाफ शोषणारी बदलता येणारी डबी. युरोपीय पद्धतीत कार्ट्रिजच्या पट्ट्याचा रंग कामाचा: तपकिरी म्हणजे सेंद्रिय वाफा (ए), करडा म्हणजे क्लोरीनसारखे वायू (बी), पिवळा म्हणजे सल्फर डायऑक्साइड (ई), हिरवा म्हणजे अमोनिया (के), आणि पांढरा म्हणजे कण (पी). फवाऱ्यात वाफही असते आणि थेंबही, म्हणून तपकिरी-पांढरा जोड, म्हणजे ए२पी२ किंवा ए२पी३ घ्या. एक बारकावा आहे. साधा ‘ए’ ६५ अंशांच्या वर उकळणाऱ्या द्रावकांसाठी असतो. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतो, त्याला ‘एएक्स’ लागतो. हार्डनर मिसळून मारायच्या दोन भागांच्या रंगात अनेकदा आयसोसायनेट हे रसायन असते. ते वासाने कळत नाही आणि एकदा दमा जडला की सुटत नाही. तिथे कार्ट्रिजवर न थांबता नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क द्या.

‘वास आला की कार्ट्रिज बदलू’ ही सवय मोडा. तोवर ते संपलेले असते. वापराचे तास ठरवा, पाकीट फोडल्याची तारीख मार्करने कार्ट्रिजवरच लिहा, सुटी झाली की हवाबंद पिशवीत ठेवा. उघडे टांगलेले कार्ट्रिज रात्रभर हवेतला ओलावा आणि वाफ पीत राहते.

ग्राइंडिंगला एन९५ ठीक. दगड, फरशी किंवा काँक्रीट कापताना मात्र आधी पाणी. कटरला मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी दिले तर धूळ जागीच बसते, मग मास्कवरचा भार उतरतो. दाढीचे खुंट मास्कच्या कडेखाली आले की सारा हिशोब कोलमडतो, कारण हवा सोप्या वाटेने, म्हणजे फटीतून येते. घातल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायला सांगा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे हवा लागली तर पट्टा आणि नाकावरची पट्टी पुन्हा बसवायची. हे रोज, दर वेळी.

प्रश्न: टाकी साफ करायला उतरताना कोणता मास्क द्यावा?

गाळणीचा कोणताही नाही. गाळणी आहे ती हवा स्वच्छ करते, नसलेला ऑक्सिजन तयार करत नाही. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो, आणि १९.५ च्या खाली ती जागा ऑक्सिजन कमी असलेली धरतात. टाकीत गंज धरला तरी ऑक्सिजन खर्ची पडतो. गाळातून सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाक बधिर होते आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. चार वायूंचा मीटर दोरीने सोडून वर, मधे आणि तळाशी मोजा, पंख्याने हवा खेळती ठेवा, उतरल्यावरही मोजत राहा. हवा धोक्याची असेल तर हवेच्या सिलिंडरचा किंवा नळीने हवा पुरवणारा एअरलाइनचाच संच वापरायचा. उतरलेल्याच्या अंगात हार्नेस, दोरी वर तिपाईच्या विंचला, आणि वरचा माणूस काहीही झाले तरी खाली उतरणार नाही हे आधीच ठरलेले. पहिल्याला काढायला दुसरा जातो आणि दोघेही जिवाला मुकतात, हे अशा अपघातांत वारंवार घडते.

प्रश्न: स्टोअरमध्ये चार वर्षे ठेवलेले नवे कोरे सेफ्टी शूज काढले, तर आठवड्यात तळवे भुगा होऊन गळाले. वापरलेलेच नव्हते!

म्हणूनच गळाले, असे म्हणता येत नाही. वापरले असते तरी ते कधीतरी झालेच असते. तळव्यातला पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत तुटत जातो. बाहेरून बूट चकाकतो, आणि अंगठ्याने तळवा दाबला तर वाळक्या केकसारखा तुकडा हातात येतो. दमट, उबदार खोलीत हे लवकर होते. बुटावर निर्मितीचा महिना-वर्ष असतो. घेताना तो बघा, जुना माल आधी वाटा, दोन वर्षांपलीकडचा साठा करू नका.

खुणाही पाहून ठेवा. आयएसओ २०३४५ चा बूट म्हणजे पुढची टोपी २०० जूलचा आघात सोसणारी. त्याच चेहऱ्याचा २०३४६ चा बूट निम्मा, १०० जूलचा. २०३४७ ला टोपीच नसते. खिळे-सळ्यांच्या जागी एस३ सारखा, तळव्यात भोसकरोधक थर असलेला बूट हवा. २०२२ च्या आवृत्तीत कापडी थराची दोन अक्षरे आली: पीएल ४.५ मिलिमीटर जाड खिळ्यावर तपासलेला, पीएस ३ मिलिमीटरच्या बारीक खिळ्यावर. बांधकामावर बारीक खिळे-चुका विखुरलेले असतील तर पीएस मागा. अँटिस्टॅटिक बूट विजेच्या धक्क्यापासून वाचवतो हा गैरसमज फार पसरलेला आहे. तो स्थिर वीज जमिनीत सोडण्यासाठी असतो, म्हणजे थोडा वाहकच असतो.

प्रश्न: हेल्मेट कधी बदलायचे? त्यावर नावाचे स्टिकर चालते का?

आतल्या बाजूला घड्याळासारखे छोटे वर्तुळ असते. बाण महिन्यावर आणि मधे वर्ष. तिथून मोजा. किती वर्षे, ते कंपनीच्या पत्रकात असते. आतला पट्ट्यांचा सांगाडा बरेच उत्पादक वर्षाने बदलायला सांगतात. मोठा आघात बसला तर त्याच दिवशी बाद, तडा दिसो वा न दिसो. दोन्ही बाजूंनी दाबून सोडले की कवच लगेच मूळ आकारात यायला हवे. करकरले किंवा पांढरी रेघ उमटली तर ते ठिसूळ झाले आहे. रंग, थिनर आणि गोंद प्लास्टिक खातात, त्यामुळे स्टिकर उत्पादकाने मान्य केलेलेच लावा. आणि सांगाडा व कवच यांच्या मधल्या पोकळीत रुमाल, बिडीचे बंडल, मोबाइल ठेवू देऊ नका. आघात जिरतो तो त्या पोकळीतच.

प्रश्न: इअरप्लग दिले तरी श्रवणचाचणीत दोष येतोय. पाकिटावर तर ३० डेसिबल लिहिले आहे.

ते आकडे कानात नीट बसलेल्या आणि पूर्ण वेळ राहिलेल्या प्लगचे आहेत. आठ तासांच्या पाळीत माणसाने बोलायला म्हणून एकूण १५ मिनिटे प्लग काढले, तर ३० डेसिबलच्या संरक्षणाचे हिशोबाने जेमतेम १५ उरतात. ४८ मिनिटे काढले तर १०. कारण दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, आणि त्या थोड्या मिनिटांतच दिवसभराचा भार कानावर येतो.

तो प्लग का काढतो, ते विचारा. बहुतेकदा उत्तर असते की काहीच ऐकू येत नाही. ९० डेसिबलच्या जागी ३५ चा प्लग दिला की माणूस बहिरा होऊन बसतो. कानापाशी ७५ ते ८० उरतील असा निवडा. ७० च्या खाली नेऊ नका. फोमचा प्लग घालायची पद्धतही दाखवा. स्वच्छ बोटांनी सुरकुती न पडता बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग सरकवून २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. समोरून पाहताना प्लगचे टोक मोठे बाहेर आलेले दिसले तर तो बसलेला नाही.

प्रश्न: घामाने गॉगल धुरकट होतात, मग कामगार ते कपाळावर चढवतात.

धूळ किंवा कण नुसते उडत असतील तर बंद गॉगल कशाला? बाजूचे कवच असलेला चष्मा आणि ग्राइंडरवर त्याच्या वरून फेसशील्ड, एवढे पुरते. फेसशील्ड एकटा मात्र नाही; कण हनुवटीखालून वर येतात. ईएन १६६ च्या खुणांत एफ म्हणजे ४५ मीटर प्रति सेकंद वेगाची पोलादी गोळी सोसणारा, बी म्हणजे १२० मीटर. काच आणि फ्रेम दोन्हींवरचे अक्षर बघा; कमी असेल ते खरे. एन म्हणजे धुके न धरणारा लेप. हा लेप कोरड्या फडक्याने घासून महिन्यात निघून जातो. पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा. रसायन उडत असेल तर आडून हवा घेणारा गॉगल घ्या, समोर सरळ भोके असलेला नाही. आणि ॲसिटोनच्या फडक्याने काच पुसू नका, पॉलिकार्बोनेट बारीक तडकते.

प्रश्न: चार मीटर उंचीच्या फळीवर काम आहे. फुलबॉडी हार्नेस आणि दोन मीटरची शॉक ॲब्सॉर्बरची दोरी देतो. फळीलाच हूक अडकवतात.

मग माणूस जमिनीवर आदळेल, हार्नेससकट. हिशोब करा: दोरी २ मीटर, झटका जिरवणारा ॲब्सॉर्बर उलगडून १.७५ मीटरपर्यंत, पाठीच्या कडीपासून पायांपर्यंत साधारण १.५, शिवाय १ मीटर सुरक्षित अंतर. झाले ६.२५ मीटर, आणि तेही हूकच्या जागेपासून खाली. तुमच्याकडे आहेत चारच. शक्य असेल तर दोरी इतकी आखूड करा की कडेपर्यंत पोचताच येणार नाही. मग पडणेच टळते. नाहीतर डोक्यावर भक्कम अँकर, म्हणजे दोरी अडकवायची जागा, घेऊन आपोआप गुंडाळणारा ब्लॉक लावा आणि त्याच्या पत्रकात पायांखाली किती मोकळी जागा मागितली आहे ते तपासा. पाइपची रेलिंग किंवा केबल ट्रे हा अँकर नव्हे; युरोपीय मानक १२ किलोन्यूटन मागते, अमेरिकेत साधारण २२. एकदा झटका बसलेला संच फेकून द्यायचा. आणि लटकलेल्याला काही मिनिटांत खाली कसे आणणार, ते चढण्याआधी ठरवा. बेशुद्ध माणूस पट्ट्यांत लटकून राहिला की रक्त पायांतच साठते.

प्रश्न: ॲसिडच्या टाकीजवळ डोळे धुवायला अर्धा लिटरची बाटली टांगली आहे. पुरेल का?

डोळा किमान १५ मिनिटे धुवावा लागतो आणि आयवॉशचा, म्हणजे डोळे धुण्याच्या फवाऱ्याचा, प्रवाह मिनिटाला किमान दीड लिटर धरतात. म्हणजे साडेबावीस लिटर. तुमची बाटली २० सेकंदांत संपेल. ती पहिल्या क्षणापुरती ठेवा, आणि नळाला जोडलेला आयवॉश दहा सेकंदांत पोचता येईल अशा जागी, वाटेत पायरी किंवा दार न येता बसवा. आठवड्यातून एकदा चालवून गंजाचे पाणी सोडून द्या.

प्रश्न: चाळीस जणांसाठी हातमोजे एकदम घ्यायचे आहेत. मापे कशी ठरवू?

सगळे ‘लार्ज’ मागवू नका. अंगठा सोडून बोटांच्या सांध्यांखाली तळव्याभोवती टेप फिरवा. इंचांत जो आकडा येईल तेच माप. साडेआठ आले तर नऊ. चाळीस हातांची यादी करा आणि त्याप्रमाणे ऑर्डर द्या, पण आधी दोन-तीन प्रकारांचे सहा-सहा जोड आणून, जे हे काम रोज करतात त्यांच्या हातात आठवडाभर द्या. मोजा कुठे फाटला, कोणत्या बोटाला, ते पिशवीवर लिहून परत घ्या. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खोबणीत फाटले असतील तर तिथे दुहेरी थर असलेला मोजा शोधा. टोके फाटली असतील तर माप नीट बसते का ते पाहा.